अंगठीतला पिवळा दोरा

१

मुंजाबा बायकांच्या तोंडाकडे बघत नसे, बोटांकडे बघे. नववीत शाळा सुटली आणि सराफ्यात फकिरामामांच्या हाताखाली सहा वर्षं अंगठ्यांची मापं घेण्यात गेली, त्यातून ही सवय लागली. की मुळात लाजाळू होता म्हणून ते काम त्याला जमलं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. गिऱ्हाईक बाईनं हात पुढं केला की हा मान खाली घालून सांगे, “चौदा.” मग माप घ्यायची निमुळती सळई काढायची ती फक्त खात्रीपुरती. फकिरामामा म्हणत, “पोराची नजर सळईपेक्षा पक्की हाय. फक्त ती वर उचलत नाय, तेवढाच वांधा.”

आता दोन वर्षांपासून तो ज्योतीनगरात चारुताताईंकडे कामाला होता. ताईंनी बँकेतली नोकरी सोडून घरातूनच जुन्या अंगठ्यांचा धंदा काढला होता. इंटरनेटवर लिलाव चालतात. कुणाच्या आजीची पेटी, कुणाच्या बंद पडलेल्या घरातलं कपाट, असं काहीबाही विकायला निघतं आणि विकणाऱ्याला बरेचदा आपण काय विकतोय ते ठाऊक नसतं. रोज सकाळी चहा घेऊन दोघं लॅपटॉपसमोर बसत. ताई वाचत, मुंजाबा फोटो बघे.

“पांढरा खडा, जुनी अंगठी,” ताईंनी एका सकाळी वाचलं. “राहू दे. पुढचं बघू.”

“थांबा ताई. ह्यो खडा नाय. हिरा हाय.”

“फोटो किती धुरकट आहे, मुंजाबा. तुला दिसलं कसं?”

“मधी बघा. टिकलीएवढं गोल दिसतंय ना? जुने कारागीर हिऱ्याचं खालचं टोक सपाट करायचे. त्ये वरून असं दिसतं. काचेला कोण एवढे कष्ट घेतंय?”

ताईंनी डोळे बारीक केले, मान डोलावली आणि बोली लावली. दुपारी बारा चाळीसला लिलाव बंद झाला. दुसऱ्या कुणीच बोली लावली नव्हती. एवढ्या सगळ्या देशात ती अंगठी फक्त त्या दोघांनाच दिसली होती.

२

आठ दिवसांनी पार्सल आलं. मुंजाबानं कात्रीनं टेप कापली, डबी उघडली आणि अंगठी तळहातावर घेतली. चार बारीक नख्यांत धरलेला हिरा, जुना, थोडा पिवळसर. पण भिंगातून बघितल्यावर त्याचं तोंड उतरलं. कडेला टवका उडालेला होता.

“गेलं,” ताई म्हणाल्या. “टवका असलेला कोण घेणार?”

“फोटोत दिसला नाय वो. चूक झाली.”

“चूक कसली? शंभर शोधल्या, त्यात एक अशी.” मग त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि एकदम हसल्या. “पुढच्या आठवड्यात साखरपुडा ना तुझा? मग ही अक्षदाची. तुझ्या नजरेनं शोधलीस, तूच घे.”

मुंजाबाचे कान तांबडे झाले. तो नको नको म्हणत राहिला आणि ताई आत फोन घ्यायला निघून गेल्या.

तेव्हा त्याचं लक्ष गेलं. अंगठीच्या खालच्या बाजूला, तळव्याकडं, दोरा गुंडाळलेला होता. फिका पिवळा सुती दोरा. पाच वेढे. अंगठी सैल झाली की बायका गुंडाळतात तसा. यात नवल काहीच नव्हतं. सराफ्यात रोज अशा दहा अंगठ्या येत. फक्त लिलावाच्या फोटोंत दोरा नव्हता. सहाही फोटोंत नव्हता.

पाठवणाऱ्यानं गुंडाळला असंल, असं त्याच्या मनात आलं. पण नुकता गुंडाळलेला दोरा गोल असतो. हा आतून चपटा झाला होता, गुळगुळीत, बोटानं महिनोन्महिने घासून घासून होतो तसा. वेढ्यांच्या मधे काहीतरी पांढरं अडकलं होतं. त्यानं नखानं काढून बघितलं. पीठ होतं. ज्वारीचं.

फकिरामामांचा पहिला धडा होता: दागिना कुणाचाही असो, आधी दोरा कापायचा, मग माप घ्यायचं. मुंजाबानं कात्री लावली. दोरा टेबलावर पडला. अंगठी सळईवर चढवली, तर बरोब्बर चौदावर येऊन थांबली.

अक्षदाचं बोट चौदाचंच. बघायच्या कार्यक्रमात तिनं पोह्यांची बशी पुढं केली तेव्हाच त्यानं ते मनात लिहून ठेवलं होतं. तिचा चेहरा कसा होता असं घरी विचारलं, तेव्हा मात्र त्याला धड सांगता आलं नव्हतं.

३

दुपारी दोन ते चार ज्योतीनगरात पान हलत नाही. ताई कुरिअरच्या कामाला बाहेर जात. आतल्या खोलीत त्यांच्या आई, भानुमतीकाकू, पडलेल्या असत. मुंजाबा बाल्कनीत डबा खाई आणि परत येऊन कामाच्या टेबलाशी बसे. टेबल म्हणजे मागच्या खोलीत खिडकीखाली मांडलेलं जुनं शिसवी डेस्क, वर एक दिवा, बाजूला दागिने धुवायचं छोटं मशीन. ते मशीन चालू असलं की माशी डब्यात अडकल्यासारखा आवाज येई.

दुसऱ्या दिवशी तो डबा खाऊन आला, तेव्हा अंगठी होती तिथंच होती, निळ्या फडक्यावर. आणि तिच्या खालच्या बाजूला फिका पिवळा दोरा होता.

त्यानं आधी काल कापलेला तुकडा शोधला. तो केरात होता, जसाच्या तसा. मग वेढे मोजले. सात.

आत चपटे झालेले. मधे पीठ.

त्यानं खोलीभर बघितलं. मशीन बंद होतं. बाहेर एक भंगारवाला ओरडत लांब गेला. मुंजाबानं स्वतःला समजावलं की काकूंनीच केलं असणार. म्हाताऱ्या माणसाला दुपारी झोप लागत नाही, हाताला चाळा लागतो. त्यानं दोरा कापला, आणि तो पडताना त्याला उगाच वाईट वाटलं. का ते कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी नऊ वेढे होते.

मग त्याला हिशेब लागला. अंगठी तीच, चौदाची. वेढे वाढत होते. म्हणजे आतलं बोट बारीक होत चाललं होतं.

४

“काकू, तुमी माझ्या टेबलाकडं येता का दुपारच्या?”

भानुमतीकाकूंनी चादरीतून दोन्ही हात बाहेर काढून त्याच्यापुढं धरले. संधिवातानं बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती. “या हातांनी मला परकराची नाडी बांधता येत नाही, मेल्या. टेबलाशी येऊन काय हिरे घडवू?”

मुंजाबानं गुमान अंगठी पुढं केली. काकूंनी चष्मा लावला. अंगठीपेक्षा दोराच जास्त वेळ बघितला.

“एकटी आहे बिचारी,” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“ज्या बाईनं हे बांधलंय ती. ही गाठ बघ. एका हातानं दोरा धरलाय आणि दातांनी ओढलीय. टोक चावलेलं आहे. घरात दुसरं कुणी असतं, तर दोन हातांनी नीट बांधून नसती का दिली?” त्यांनी अंगठी परत केली. “आमचे हे होते तोवर मला कधी दात लावावा लागला नाही. काही म्हण, माणूस नुसतं घरात असावं रे.”

मुंजाबा अंगठी घेऊन टेबलाकडं परत आला.

संध्याकाळी अक्षदाचा फोन आला. ती शेंद्र्याला एका कंपनीत पॅकिंगला होती, मामाकडं राहायची. सुटी झाली की बसस्टॉपवरून फोन करायची. बोलायची तीच, हा हुंकार द्यायचा.

“अंगठी घेतली म्हणं? कशी हाय?”

“हाय. जुनी हाय.”

“मी बी जुन्याच वळणाची हाय. सांगा ना, कशी हाय?”

“हिरा हाय. कडंला थोडा टवका गेलाय.”

“असू द्या की. माझा बी एक दात किडलाय. तुमी तोंडाकडं बघितलंच नाय म्हणून सांगते, मागून तक्रार नको.” ती खळखळून हसली. मग जरा थांबून म्हणाली, “आवो, गप का झालात? द्यायची नाय का मला?”

“द्यायची ना,” तो म्हणाला.

५

त्याची माय, बानाबाई, तो नववीत असताना गेली. शेवटच्या सहा महिन्यांत ती वाळत गेली. हातात एक चांदीची अंगठी होती, बापानं मेंढरांमागं हिंडताना कुठल्याशा बाजारातून आणलेली. ती सारखी गळायची. कधी पिठात, कधी चुलीच्या राखेत. मग मुंजाबा दोरा गुंडाळायचा. माय म्हणायची, “एक वेढा वाढव रं, बाळा.” गाठ न मारता टोक वेढ्यांखालून सुईनं ओवून कसं घ्यायचं, म्हणजे बोटाला टोचत नाही, हेही तिनंच शिकवलं होतं.

एका सकाळी दोरा फार मळलेला दिसला म्हणून त्यानं कापून टाकला. परीक्षा होती. “आल्यावर गुंडाळतो,” म्हणून गेला. आला तेव्हा अंगणात माणसं बसली होती आणि मायच्या उशापाशी अंगठी तशीच पडली होती.

तेव्हापासून शाळा नाही. आणि सराफ्यात पहिल्या दिवशी फकिरामामांनी कात्री हातात देऊन “आधी दोरा काप” म्हटलं, तेव्हा हा रडला होता. मामांना वाटलं, पोराला घरची आठवण आली.

आता अंगठीवर अकरा वेढे होते. त्यानं ती ड्रॉवरमधे घालून कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली. दुपारी उघडलं. बारा.

मायच असंल, असं त्याला वाटू लागलं. वाटलं, की भीती जरा कमी होई. पण लगेच दुसरा विचार येई. जिची अंगठी आहे ती बाई वाळत चालली आहे, आणि हीच अंगठी मी अक्षदाच्या बोटात घालायला निघालोय. ते वाळणं अंगठीबरोबर गेलं तर? हसऱ्या, किडक्या दाताच्या, भरल्या बोटाच्या पोरीला लागलं तर?

“ताई,” त्यानं एकदा धीर करून विचारलं, “ही अंगठी परत नाय का करता येत?”

“अक्षदाला आवडली नाही?”

“तिनं अजून बघितली नाय.”

“मग घाबरतोस कशाला? साखरपुडा रविवारी आहे, मुंजाबा. पोरी हिऱ्याला नाही म्हणत नाहीत.”

त्यानं मान खाली घातली. हे कुणाला आणि कसं सांगणार?

६

शुक्रवार पाण्याचा दिवस होता. नळाला पाणी आलं की अख्ख्या सोसायटीत मोटारी सुरू होत. ताई गच्चीवर टाकीपाशी गेल्या होत्या. काकू झोपल्या होत्या. मुंजाबानं सकाळीच गुलमंडीतून पिवळ्या सुती दोऱ्याचं एक रीळ आणलं होतं. का आणलं, त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं.

तीनच्या सुमाराला मोटारी एकेक करून थांबल्या. शेवटची थांबली तेव्हा इतकं शांत झालं, की दिव्याची तार कुरकुरलेली ऐकू आली.

त्यानं अंगठी काढली. तेरा वेढे. टोक चावलेलं. दोऱ्यावर ओलसर काहीतरी होतं. थुंकी असेल, नाहीतर डोळ्यांचं पाणी.

आज त्यानं कात्री उचलली नाही. सुईच्या टोकानं गाठ सोडवली, दोरा हलकेच उलगडून बाजूला ठेवला. मग रिळाचा नवा दोरा मेणावरून ओढून घेतला आणि मायनं शिकवलं होतं तसं गुंडाळायला बसला. तळव्याच्या बाजूनं सुरू करायचं. वेढ्याला वेढा भिडवायचा, एकावर एक चढू द्यायचा नाही. तेरा झाल्यावर एक वाढवला. टोक सुईनं आत ओवून घेतलं. बोट फिरवून बघितलं. कुठंच टोचत नव्हतं.

आणि सवयीनं, रोज दहादा म्हणायचा तसं, मान वर न करता म्हणाला, “हात द्या.”

म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं की खोलीत कुणी नाही.

दिव्याच्या उजेडात, डेस्कच्या कडेला, एक हात येऊन टेकला.

डावा हात. म्हाताऱ्या बाईचा. कातडी सुगीनंतरच्या ज्वारीच्या पातीसारखी, पातळ आणि कोरडी. नखांच्या कडेला पीठ. मुंजाबाची नजर आपलं काम करत होती. करंगळीशेजारचं बोट. आठ, नजरेनं सांगितलं. चौदाचं आठ झालंय.

त्यानं अंगठा बघितला. मायच्या अंगठ्यावर विळ्याची खूण होती. इथं नव्हती. माय नव्हती ही. या बोटावर, पेराच्या वर, एक जुनी पांढरी खूण होती. अर्ध्या चंद्रासारखी, भाजल्याची. अशी खूण त्यानं कुणाच्या हातावर कधी बघितली नव्हती, आणि त्यानं हजारो हात बघितले होते.

मान वर केली असती तर तोंड दिसलं असतं. बाहीचा काठ दिसत होता, पिवळा, धुऊन विरलेला. त्याच्यावर अंधार होता. त्याला वर बघवलं नाही. भीतीनं म्हणावं, तर नुसती भीतीही नव्हती. एखादी बाई किती दिवसांनी कुणापुढं तरी हात धरून उभी असली, की तिच्याकडं टक लावून बघू नये, असं त्याला वाटलं.

त्यानं अंगठी चढवली. बोट गार नव्हतं. उबदार होतं, नुकतंच तव्यापासून आल्यासारखं.

“सैल वाटती का?” त्यानं विचारलं.

हात उचलला गेला, उलटा झाला आणि बायका बघतात तसा दोनदा झटकला गेला. अंगठी हलली नाही. मग ती बोटं त्याच्या बाहीवर आली. तिथं चांदीचा बारीक कीस पडला होता. नखांच्या बाजूनं, दोन हलक्या फटक्यांत, त्यांनी तो झटकला. जसं रोज झटकत असावीत.

गच्चीवरून ताईंच्या चपलांचा आवाज आला.

हात तिथं नव्हता, अंगठी निळ्या फडक्यावर होती. दोरा त्यानंच गुंडाळलेला होता, त्याच्याच हातचा, गाठ नसलेला, चौदा वेढ्यांचा. फक्त त्याचा पिवळा रंग फिका पडला होता, वर्षानुवर्षं पाण्यात राहिल्यासारखा.

त्यानंतर दोरा बदलला नाही. एकही वेढा वाढला नाही.

७

रविवारी देवगाव रंगारीला अक्षदाच्या घरी मांडव नव्हता, पण माणसं मांडवाएवढी होती. मुंजाबानं निघायच्या आधी दोरा सुईनं उलगडून, काडीला गुंडाळून, डबीत अंगठीखाली ठेवला होता. दुसरी अंगठी त्यानं घेतली नव्हती. पण ही द्यावी की नाही ते बसमधेही ठरत नव्हतं. एखादं निमित्त काढू, अंगठी विसरली म्हणू, असं त्यानं अर्ध्या वाटेपर्यंत घोकलं होतं.

अक्षदा पिवळी साडी नेसून समोर येऊन बसली. तिच्या सखाराममामानं आवाज दिला, “चला जावईबापू, अंगठी काढा. का ती बी लाजतीय?”

सगळे हसले. मुंजाबानं डबी उघडली. “हात द्या,” तो पुटपुटला.

तिनं डावा हात पुढं केला. करंगळीशेजारच्या बोटाला पट्टी होती.

“हे काय?” तिची आई कावली. “आजच्या दिवशी?”

“परवा कंपनीत लागलं ना. पिशव्या बंद करायच्या मशीनला बोट चिकटलं, दुपारच्या पाळीत. एवढं काय नाय, काढते पट्टी.”

“परवा म्हंजी शुक्रवारी?” मुंजाबानं विचारलं.

“व्हय. तीन वाजले असतील.”

तिनं पट्टी सोडली. पेराच्या वर, लालभडक आणि ताजी, अर्ध्या चंद्रासारखी भाजल्याची खूण होती.

मुंजाबा त्या खुणेकडं बघत राहिला. मामा काहीतरी बोलत होते, पोरं पेढ्यांच्या ताटाभोवती होती, आणि त्याला फक्त ते बोट दिसत होतं, भरलेलं, चौदाचं. अंगठी हिला वाळवणार नव्हती. ही म्हातारी होणार होती. पुष्कळ जगणार होती. पिठात हात असणार होते, तवा तापलेला असणार होता. आणि कुठल्याशा दुपारी अंगठी सैल झाल्यावर तिला दोऱ्याचं टोक दातात धरावं लागणार होतं.

कारण घरात दुसरं कुणी नसणार होतं.

“काय झालं?” अक्षदानं हळूच विचारलं. “टवकावाली नको वाटाया लागली का द्यायला?”

त्यानं अंगठी घातली. जपून, जखमेला लागू न देता. ती नीट, घट्ट बसली.

“सैल होत नाय ना?”

“नाय वो. माप तर बरोब्बर हाय.”

“पुढं कधी सैल झाली तर मला सांगायचं. दोरा आपला आपण गुंडाळायचा नाय.”

“आन् तुमी घरी नसलात तर?”

ती चेष्टेनंच म्हणाली होती. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मान वर केली आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. रुंद कपाळ. हसताना दिसणारा तो किडका दात. डाव्या भुवईत तुटलेली एक रेघ. तो सगळं बघत राहिला, सावकाश, एकेक करून, पुरवून ठेवायचं असल्यासारखं.

“अरारा!” सखाराममामा ओरडले. “पोरानं मान उचलली बगा! आता खाली घाल रे बाबा, पोरीला नजर लागंल.”

हशा पिकला. अक्षदा लाजून खाली बघायला लागली, तेव्हा तिला डबीतली काडी दिसली, फिका पिवळा दोरा गुंडाळलेली.

“हे काय? अंगठीसंगं दोरा?”

“राहू द्या तुमच्याजवळ,” तो म्हणाला. “ह्याला गाठ मारावी लागत नाय. दात बी लावावा लागत नाय. एका हातानं जमतं.”

“मला कुठं येतं?”

“सुई आणा,” मुंजाबा म्हणाला. “आत्ताच शिकवतो.”